‘कडक हात’ म्हणजे नेमकं काय? स्पास्टिसिटीच्या व्याख्येची पार्श्वभूमी

मुंबईत फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं ते १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला, पोलिओच्या साथीनंतर, परळच्या पालिका रुग्णालयात. पोलिओत मज्जारज्जूतल्या, स्नायूला थेट आज्ञा देणाऱ्या पेशी मरतात. पाय लुळा पडतो, पोटरी झिजते, गुडघ्याखाली हातोडी मारली तरी पाय उडत नाही. स्ट्रोकमध्ये या पेशी शाबूत असतात, त्यांच्यावरचा मेंदूचा लगाम सुटतो. सुरुवातीला हात लुळा असतो; पुढे हळूहळू कोपर वाकतं, मूठ वळते; हाच ‘कडक हात’. घरचे दोन्हींना ‘लकवा’च म्हणतात आणि मालिशही एकाच तेलाने होते.

ताणलेला स्नायू प्रतिक्षिप्त क्रियेने उलट आकसतो, हे १९२४ साली मांजरांवरच्या प्रयोगांत नीट मांडलं गेलं. कडकपणा मोजायची ० ते ४ आकड्यांची श्रेणी (अ‍ॅशवर्थ) १९६४ची. १९८७ साली तिच्यात ‘१+’ ही पायरी घातली गेली आणि आज केसपेपरवर या सुधारित श्रेणीचाच आकडा लिहिला जातो.

खरा गुंता १९८० सालच्या व्याख्येचा आहे. तिच्यानुसार स्पास्टिसिटी म्हणजे ताणण्याच्या वेगाबरोबर वाढणारा विरोध. म्हणून कोपर आधी सावकाश सरळ करायचं, मग झटकन. सावकाश नेताना सुटतं आणि झटकन नेताना मध्येच अडकतं, हा ‘कॅच’, म्हणजे स्पास्टिसिटी. दोन्ही वेगांना हात त्याच कोनात थांबला, तर स्नायू आणि सांध्याभोवतीच्या ऊती आखूड झाल्या आहेत; ते कॉन्ट्रॅक्चर. आणि वेग कुठलाही असो, पूर्ण टप्प्यात सारखाच विरोध लागला, तर पार्किन्सन आजारातला ताठरपणा, म्हणजे रिजिडिटी, आठवावी. श्रेणीचा आकडा एकाच वेगाने काढतात, साधारण एका सेकंदात पूर्ण टप्पा. म्हणून एकटा ‘३’ हे तीन प्रकार वेगळे करत नाही. नेमकं इथेच चुकतं.

२००५ साली युरोपातल्या एका गटाने व्याख्या रुंद केली: वरच्या (मेंदूकडून मज्जारज्जूपर्यंत आज्ञा नेणाऱ्या) चेतापेशींच्या इजेमुळे स्नायू आपोआप, थांबून थांबून किंवा सतत, सक्रिय होणं. बसच्या पायरीवर चवडा टेकताच पाय थडथड उडू लागतो तो क्लोनस, रात्री पाय अचानक आखडतात ते स्पॅझम, हे सगळं तिच्यात बसतं. रुग्णाची तक्रार बहुतेक वेळा हीच असते, हे मान्य. तरीही खाटेजवळ हात धरून निर्णय घेताना १९८०ची अरुंद व्याख्याच कामाला येते, कारण उपचार तिच्यावर फिरतो.

बोटॉक्सचं इंजेक्शन चेतातंतूकडून स्नायूला जाणारा रासायनिक निरोप अडवतं. कॅच असेल तर काही दिवसांत फरक दिसू लागतो आणि साधारण तीन महिने टिकतो. त्या काळात रोजचं स्ट्रेचिंग आणि रात्रीचं स्प्लिंट (हात ताणून धरणारा आधार) झालं पाहिजे. कॉन्ट्रॅक्चरमध्ये अडवायला निरोपच नसतो. तिथे इंजेक्शनचा खर्च फुकट जातो, प्लॅस्टर बदलत बदलत कोन वाढवावा लागतो, नाहीतर शस्त्रक्रिया.

वळलेल्या मुठीला तर वाट बघणं परवडतच नाही. मुंबईच्या पावसाळ्यात तळहात घामाने ओला राहतो, नखं रुततात, बोटांच्या बेचक्यांत बुरशी धरते. अशा वेळी हात कामाला लागेल का हा प्रश्न नंतरचा. आधी मूठ एवढी उघडायला हवी, की आतून धुऊन कोरडी पुसता येईल.