७ डिसेंबर की ८? एका दिवसाच्या युद्धाचं घड्याळ

हवाई बेटांवरच्या पर्ल हार्बर या अमेरिकन नौदल तळावर जपानने हल्ला कधी केला विचारलं तर आपण पटकन सांगतो, ७ डिसेंबर १९४१, रविवार सकाळ. जपानमध्ये हाच प्रश्न विचारा, उत्तर येईल ८ डिसेंबर, सोमवार. दोन्ही बरोबर. पण त्या दिवसाचा घटनाक्रम एका कागदावर लिहायला बसलात ना की डोकं फिरतं. पॅसिफिकमध्ये अमेरिकेची दोन छोटी बेटं आहेत, वेक आणि मिडवे, एकमेकांपासून साधारण १९०० किलोमीटरवर. वेकवर जपानी बॉम्ब पडले ८ डिसेंबरला दुपारी बाराच्या सुमारास, आणि मिडवेवर जपानी विनाशिकांनी तोफा डागल्या ७ डिसेंबरला रात्री साडेनऊला. तर आधी कुठे हल्ला झाला? वेकवर. म्हणजे ८ तारखेचा हल्ला ७ तारखेच्या हल्ल्याच्या आठेक तास आधीचा!

कारण आपण भूगोलात शिकलो तेच, आंतरराष्ट्रीय वाररेषा. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते म्हणजे तासाला १५ अंश, पूर्वेला जावं तसं घड्याळ पुढे, पश्चिमेला जावं तसं मागे, आणि गोल फिरून दोन्ही हिशोब जिथे भेटतात तिथे बरोबर एका दिवसाचा फरक उरतो, तो कुठेतरी टाकायला हवा म्हणून पॅसिफिकच्या मध्यात, जिथे माणसं सगळ्यात कमी, तिथे ही रेषा आखली. वेक रेषेच्या पश्चिमेला, मिडवे पूर्वेला. आणि गंमत म्हणजे ही रेषा निसर्गाने ठरवलेली नाही, ती सोयीने हलते. फिलिपिन्स स्पॅनिश राजवटीत अमेरिकेकडची तारीख पाळायचं, मग १८४४ मध्ये त्यांनी ३१ डिसेंबर हा दिवसच गाळला आणि आशियाच्या कॅलेंडरवर आले. ते झालं नसतं तर तिथल्या हल्ल्याचीही तारीख ७ डिसेंबरच लागली असती.

आता हा सगळा गोंधळ भारतीय वेळेत बसवून बघू. पर्ल हार्बरवर पहिले बॉम्ब पडले तेव्हा हवाईत सकाळचे ७:५५ झाले होते. हवाईचं घड्याळ तेव्हा ग्रीनिचच्या साडेदहा तास मागे असायचं (हो, अर्ध्या तासाची भानगड फक्त आपल्याकडेच नाहीये). म्हणजे भारतीय प्रमाणवेळेनुसार ७ डिसेंबरच्या रात्रीचे ११:५५! मध्यरात्रीला पाच मिनिटं कमी. मुंबईत तर तेव्हा स्वतःची वेगळी ‘बॉम्बे टाइम’ पण चालायची, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे, त्या घड्याळात ११:१६ च वाजले होते. कलकत्त्याचं घड्याळ पुढे, तिथे ८ तारीख लागलेली. एकाच देशात एकाच क्षणी दोन तारखा.

आणि खरं तर युद्ध पर्ल हार्बरला सुरू झालंच नाही. त्याच्या तासाभराहून जास्त आधी, ब्रिटिशांच्या ताब्यातल्या मलायाच्या (आजच्या मलेशियाच्या) पूर्व किनाऱ्यावर कोटा भारू इथे जपानी सैनिक उतरायला लागले होते, तिथल्या घड्याळात ८ तारीख, मध्यरात्र उलटून गेलेली. किनाऱ्यावर बंकरमध्ये त्यांच्या समोर कोण होतं, तर आपलेच, आठव्या इंडियन ब्रिगेडमधले डोग्रा रेजिमेंटचे जवान. पॅसिफिक युद्धातली पहिली गोळाबारी भारतीय सैनिकांनी झेलली हे आपल्याकडे फारसं कोणाला माहीत नसतं, याचं मला कायम आश्चर्य वाटतं.

मध्यरात्रीच का उतरले? इथे जपानी प्लॅनर्ससमोरचा खरा प्रश्न येतो, आणि तो निव्वळ खगोलाचा आहे. विमानांना पहाट हवी. अंधारात जवळ पोचायचं, उजाडलं की टार्गेट दिसलं पाहिजे. पण पहाट सगळीकडे एकदम होत नाही. हवाई १५८ अंश पश्चिम रेखांशावर, कोटा भारू १०२ अंश पूर्व, पॅसिफिकच्या बाजूने मोजलं तर मधलं अंतर १०० अंश म्हणजे पावणेसात तासांच्या आसपास. अमेरिकेच्या ताब्यातल्या फिलिपिन्समधला क्लार्क विमानतळ साधारण साडेपाच तास मागे. हवाईत दिवस उजाडल्यावर हल्ला केला आणि बाकी ठिकाणी त्यांच्या त्यांच्या पहाटेची वाट बघत बसलं तर सगळ्यांना तासन् तास आधी वर्दी मिळणार. पहाटेची रेषा विषुववृत्तावर ताशी १६७० किलोमीटरने पश्चिमेला सरकते, पण बातमी रेडिओवरून, प्रकाशाच्या वेगाने. त्यामुळे मलायात अंधारातच उतरायचं ठरलं. फिलिपिन्सचं काय करायचं याला मात्र उत्तरच नव्हतं, तिथे धोका पत्करावाच लागणार होता.

अंधारात उतरायचं म्हणजे चंद्र हवा. ३ डिसेंबरला पौर्णिमा होऊन गेली होती, म्हणजे ७-८ ला चंद्र आपल्या संकष्टीच्या आसपासचा. संकष्टीचा उपास धरणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, चंद्रोदयाला रात्रीचे नऊ वाजतात, पण एकदा उगवला की सकाळपर्यंत डोक्यावर असतो. जपानी नौदलाला नेमकं हेच पाहिजे होतं, मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत उजेड. त्यात रविवार, म्हणजे अमेरिकन युद्धनौका बंदरात उभ्या असण्याची शक्यता जास्त. सिंगापूरवर पहाटे चारनंतर बॉम्बर्स आले तेव्हा वर चांदणं आणि खाली रस्त्यावरचे दिवे चालू, अख्खं शहर त्यांना झगझगीत दिसत होतं.

कोटा भारूला हवामानाने मात्र चांगलाच इंगा दाखवला. आपल्याकडे डिसेंबर म्हणजे कोरडी थंड हवा, पण तेच ईशान्येकडचे वारे दक्षिण चीन समुद्रावरून जाताना बाष्प पितात आणि मलायाच्या पूर्व किनाऱ्यावर धो धो कोसळतात, समुद्र खवळलेला असतो. या दिवसांत इथे कोणी उतरणारच नाही असं बऱ्याच ब्रिटिशांना वाटायचं. जपानी उतरले, पण लाटांनी त्यांच्या होड्या उलटवल्या, माणसं बुडाली.

इकडे वॉशिंग्टनमध्ये रविवार सकाळ. जपानचा लांबलचक संदेश अमेरिकन कोडब्रेकर्सनी आधीच फोडला होता आणि त्यासोबत सूचना होती, हे दुपारी बरोबर १ वाजता अमेरिकन परराष्ट्रमंत्र्यांना द्या. रविवारी दुपारी १? नौदलाच्या गुप्तचर खात्यातल्या अल्विन क्रॅमर नावाच्या अधिकाऱ्याने जगभरच्या वेळा मांडून पाहिल्या. वॉशिंग्टनला दुपारचा १ म्हणजे हवाईत सकाळचे ७:३० आणि अतिपूर्वेला अजून रात्र. मला विचाराल तर त्या दिवसातलं सगळ्यात हुशारीचं काम हेच होतं, नुसती तासांची बेरीज-वजाबाकी.

मग लष्करप्रमुख मार्शल यांनी इशारा धाडला आणि तिथे फिजिक्स आडवं आलं. लष्कराचा रेडिओ त्या सकाळी होनोलुलूला लागतच नव्हता, वातावरणातले अडथळे. शॉर्टवेव्ह लहरी सरळ जातात, पृथ्वीच्या गोलाईमुळे लांब पोचू नयेत खरं तर, पण वर शंभर ते तीन-चारशे किलोमीटरवर आयनोस्फिअर आहे, सूर्याच्या किरणांनी तिथल्या अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि तो थर लहरींना खाली वळवतो. दिवसा थर दाट, रात्री विरळ. त्यामुळे दिवसा चालणारी फ्रिक्वेन्सी रात्री निकामी होऊ शकते, आणि ज्या वाटेचं एक टोक दुपारी आणि दुसरं टोक पहाटे आहे ती वाट तर मुळातच अवघड. शेवटी संदेश साध्या व्यापारी तारेने गेला, त्यावर तातडीचा शिक्का पण नव्हता. होनोलुलूच्या तार ऑफिसात ७:३३ ला पोचला, लष्कराच्या मुख्यालयात पावणेबाराला. तोवर सगळं संपून गेलेलं.

रडार होतं का? होतं! ओआहू बेटाच्या उत्तर टोकाला ओपाना इथे, साधारण ३ मीटर तरंगलांबीचं, जागा बदलता येणारं. ड्युटी ७ ला संपत होती, पण नाश्त्याला न्यायला येणारा ट्रक उशिरा आला म्हणून दोघा सैनिकांनी मशीन चालू ठेवलं, आणि ७:०२ ला स्क्रीनवर भलामोठा ठिपका, २०० किलोमीटरहून लांब. म्हणजे हातात ५० मिनिटं होती. पण त्या काळचं रडार फक्त अंतर आणि दिशा सांगायचं, विमानं किती, कोणाची, हे नाही. त्याच सकाळी कॅलिफोर्नियाहून १२ बी-१७ म्हणजे अमेरिकन बॉम्बर विमानं साधारण त्याच बाजूने येणार होती, त्यामुळे ड्युटीवरच्या अधिकाऱ्याने काळजी करू नका म्हणून सांगितलं. त्या बी-१७ ना रस्ता सापडावा म्हणून होनोलुलूचं रेडिओ स्टेशन रात्रभर गाणी वाजवत होतं, आणि जपानी विमानांनी पण तोच सिग्नल पकडून दिशा धरली. यजमानाने पाहुण्यांसाठी दिवा लावला आणि चोर त्याच उजेडात घरात शिरला म्हणा ना.

टॉर्पेडोची गोष्ट तर मला फारच आवडते, म्हणजे इंजिनिअरिंग म्हणून. विमानातून टाकलेला टॉर्पेडो वेगात पाण्यात घुसतो आणि वर येण्याआधी २०-३० मीटर खोल बुडी मारतो. पर्ल हार्बरची खोली साधारण १२ मीटर, म्हणजे तो थेट चिखलात रुतणार. जपान्यांनी शेपटीला लाकडी पंख जोडले, ते हवेत टॉर्पेडो स्थिर ठेवून योग्य कोनात पाण्यात पाठवायचे आणि पाण्याला लागताच तुटून पडायचे. शिवाय आतमध्ये गायरो, टॉर्पेडो स्वतःभोवती गरगर फिरू नये म्हणून, कारण तो फिरला तर खोलीचं सुकाणू आडवं होतं आणि सगळं गणित बिघडतं. मग विमानं अगदी पाण्यालगत उडवायचा सराव. पहिल्या लाटेत १८३ विमानं होती, त्यातली ४० टॉर्पेडोवाली. ओक्लाहोमा ही युद्धनौका उलटली ती याच टॉर्पेडोंनी. दुसरी युद्धनौका ॲरिझोना मात्र बॉम्बने गेली, तो बॉम्ब म्हणजे युद्धनौकेच्या तोफेचा गोळाच होता, चिलखत भेदणारा, मागे पंख लावून उंचावरून सोडलेला. एकूण २४०३ अमेरिकन मेले, त्यातले ११७७ एकट्या ॲरिझोनावरचे.

आता फिलिपिन्स. तिथे बातमी पोचली होती, पहाटेच. जपानी विमानं फॉर्मोसावरून म्हणजे आजच्या तैवानमधून निघणार होती आणि तिथे नेमकं दाट धुकं! पायलट रनवेवर बसून घड्याळाकडे बघतायत, त्यांना वाटलं संपलं, आता अमेरिकनच आपल्यावर येणार. सकाळी क्लार्कवरची अमेरिकन विमानं सावध होऊन उडालीही होती, पण विमान दिवसभर हवेत राहत नाही, इंधन संपतं, दुपारी ती पेट्रोल भरायला खाली उतरली, आणि धुक्यामुळे उशीर झालेले जपानी बरोबर तेव्हाच, साडेबाराच्या सुमारास वर आले. ठरल्या वेळी आले असते तर कदाचित हवेत गाठ पडली असती. पर्ल हार्बरनंतर जवळजवळ दहा तासांनी, बातमी असूनही, तिथली निम्मी बी-१७ जमिनीवर खलास झाली. एवढ्या लांब जपानची झीरो फायटर विमानं पोचली कशी हा पण प्रश्न आहेच, त्यांच्या पायलटांनी इंजिनाचे फेरे कमी ठेवून आणि पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ करून उडायचा सराव केला होता, त्यामुळे विमानवाहू नौकांची गरजच पडली नाही.

याच २४ तासांत लिबियाच्या वाळवंटात जर्मन सेनापती रोमेलने तोब्रुकचा वेढा सोडून मागे हटायचं ठरवलं. आणि मॉस्कोसमोर रशियन प्रतिहल्ल्याचा तिसरा दिवस चालू होता, पारा उणे २५-३० मध्ये. थंडीत तेलाची चिकटण भयंकर वाढते, इंजिनातलं ऑइल डांबरासारखं घट्ट होतं आणि स्टार्टरला ते फिरवता येत नाही, जर्मन लोक रणगाड्यांखाली शेकोट्या पेटवायचे. रशियन टी-३४ रणगाड्यांमध्ये बॅटरीने दगा दिला तर दाबलेल्या हवेने इंजिन सुरू करायची सोय होती. जर्मन रेल्वे इंजिनांच्या पाण्याच्या नळ्या बाहेरून असायच्या, त्यात पाणी गोठायचं, आणि पाणी गोठताना साधारण ९ टक्के प्रसरण पावतं, नळ्या फुटायच्या, की रसद बंद. ८ डिसेंबरला हिटलरने मोठ्या चढाया थांबवायचा आदेश काढला. त्याच दिवशी त्याच्या मित्रदेशाने पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला नवीन आघाडी उघडलेली.

वेळेची ही भानगड पुढेही चालू राहिली. हल्ल्याला निघालेला जपानी ताफा हवाईजवळ जाऊनही टोकियोचंच घड्याळ पाळत होता, आणि पुढे १९४२ मध्ये मलाया आणि सिंगापूर हातात आल्यावर त्यांनी तिथल्या लोकांनाही टोकियोची वेळ लावायला सांगितलं, घड्याळं एकदम दीड तास पुढे. कोटा भारूच्या माणसाच्या डोक्यावर सूर्य यायला दुपारचे दोन वाजून जायचे. १९४५ ला जपान हरल्यावर काटे परत मागे आले, आणि १९४७ मध्ये हवाईनेही आपला साडेदहाचा अर्धा तास सोडून सरळ दहा तासांचा फरक धरला.