गेरिगची बॅट आधी का मंदावली?

'लू गेरिगला लू गेरिगचा आजार झालाच नव्हता!' असा मथळा 2010 साली अमेरिकेत गाजला आणि अजूनही तो अधूनमधून कुठून तरी डोकं वर काढतो. गेरिग हा अमेरिकेचा एक बेसबॉलपटू, आणि शरीराची हालचाल हळूहळू हिरावून घेणारा एएलएस हा आजार त्याच्याच नावाने ओळखला जातो. मूळ शोधनिबंध बॉस्टनच्या संशोधकांचा. डोक्याला वारंवार मार बसलेल्या 12 खेळाडूंचे मेंदू त्यांनी तपासले. त्यांतल्या तिघांना एएलएससारखा चेतापेशींचा एक आजारही झालेला होता, तो या माराशी जोडलेला असावा असं त्यांचं म्हणणं. मथळ्याने तेच गेरिगलाही लावलं. पण गेरिगची तपासणी त्यात नव्हती, असणं शक्यही नव्हतं. 1941 मध्ये त्याचं दहन झालं होतं. पण सनसनाटी मथळ्याला शरीर लागत नाही, नाव पुरतं.

आणि हे नाव साधं नाही. एएलएस या आजाराचं वर्णन फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी 1869 मध्येच करून ठेवलं होतं, पण सामान्य अमेरिकी माणूस आजही त्याला एका बेसबॉलपटूच्या नावाने ओळखतो. न्यूयॉर्क यांकीज संघाचा हा खेळाडू जून 1925 ते एप्रिल 1939 पर्यंत सलग 2,130 सामने खेळला. एकही चुकवला नाही, म्हणून लोक त्याला 'आयर्न हॉर्स' म्हणत. हा विक्रम मोडायला 1995 साल उजाडलं. 4 जुलै 1939 ला भरलेल्या यांकी स्टेडियममध्ये त्याने निरोप घेतला आणि आपण पृथ्वीतलावरचे सर्वांत भाग्यवान आहोत, असं सांगितलं. त्याच दिवशी त्याच्या जर्सीवरचा 4 क्रमांक कायमचा बाजूला ठेवण्यात आला, म्हणजे संघात तो पुन्हा कुणाला मिळणार नाही. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या सर्वोच्च पातळीवर, असा मान मिळालेला तो पहिलाच. पुढच्या पिढ्यांनी या भाषणातून 'धीराने मरण पत्करणारा मर्द' अशी एक प्रतिमाच घडवली. मला त्या प्रतिमेपेक्षा त्याच्या आधीचं वर्ष जास्त खुणावतं, कारण तिथे शरीरशास्त्राची एक विलक्षण गोष्ट दडलेली आहे.

1937 मध्ये गेरिगची फलंदाजीची सरासरी होती .351, म्हणजे हजार संधींमागे 351 यशस्वी फटके. होमरन, म्हणजे चेंडू थेट कुंपणापार, 37. पुढच्या वर्षी सरासरी .295 आणि होमरन 29. दुसऱ्या कुणासाठी हा हंगाम उत्तम ठरला असता. एकही सामना न चुकवता त्याने तो पार पाडला. वय 35, थकला असेल, असंच बहुतेकांना वाटलं. 1938 च्या सुरुवातीला त्याने 'रॉहाइड' या काउबॉय चित्रपटात काम केलं होतं. पुढे 2007 मध्ये अभ्यासकांनी त्यातल्या त्याच्या हालचाली न्याहाळल्या, त्यांना आजाराची खूण सापडली नाही. 1939 चा हंगाम सुरू झाला आणि 8 सामन्यांत 28 संधींमागे फक्त 4 फटके. 2 मे रोजी डेट्रॉइटमध्ये तो स्वतःहून संघाबाहेर बसला. जूनमध्ये मेयो क्लिनिक या प्रख्यात रुग्णालयाने एएलएसचं निदान केलं. दोन वर्षांनी तो गेला.

आता प्रश्न असा की इतका वेळ आजार लपला कुठे?

सर्वसाधारण समज असा असतो की एएलएस हा स्नायूंचा आजार. तसं नाही. स्नायू झिजतात ते परिणाम म्हणून. मरतात त्या मेंदूतल्या आणि मेरुरज्जूतल्या (पाठीच्या कण्यातल्या) चालक, म्हणजे हालचालीचा हुकूम देणाऱ्या चेतापेशी. मेरुरज्जूतल्या अशा एका पेशीचा अक्षतंतू, म्हणजे तिचा लांब धागा, स्नायूत शिरून फाटे फोडतो आणि अनेक स्नायुतंतूंना हुकूम देतो. डोळ्याच्या स्नायूत एका पेशीकडे दहाएक तंतू असतात, मांडी-पोटरीसारख्या मोठ्या स्नायूंत हजारावर. पेशी आणि तिच्या ताब्यातले तंतू मिळून एक चालक एकक.

एक पेशी मेली की तिचे तंतू पोरके होतात, पण वाया जात नाहीत. शेजारच्या निरोगी पेशीचा अक्षतंतू नवे अंकुर फोडतो आणि त्यांना आपल्या ताब्यात घेतो. शाळेत एक शिक्षक सोडून गेला की शेजारच्या वर्गाचा शिक्षक दोन्ही वर्ग सांभाळतो, तसं. त्यामुळे निम्म्याहून अधिक पेशी गेल्या तरी स्नायूची ताकद तपासणीत जवळपास शाबूत दिसू शकते. डॉक्टरने 'माझा हात दाबा' म्हटलं तर रुग्ण दाबतो. विद्युत तपासणीत मात्र गुपित फुटतं: कमी एककं, पण प्रत्येकाचा संकेत अवाढव्य.

इथे आणखी एक पेच आहे, आणि तो मला फार आवडतो. चालक एककं एकसारखी नसतात. छोटी एककं मंद पण न थकणारी असतात. मोठी एककं झटकन जोर देतात आणि लवकर दमतात. हार्वर्डच्या हेनेमन यांनी दाखवलं की शरीर आधी छोट्यांना कामाला लावतं, मोठ्यांना सर्वांत शेवटी, पूर्ण जोर लागतो तेव्हाच. वेगवान चेंडू फेकणाऱ्याच्या हातून फलंदाजापर्यंत साधारण 0.4 सेकंदात येतो आणि प्रत्यक्ष बॅट फिरायला उरतो त्याचा निम्म्याहून कमी वेळ. इतक्या वेळात बॅटला वेग द्यायचा तर ती मोठी, चपळ एककं हवीतच.

एएलएसच्या उंदरांवरील प्रयोगांत नेमकी हीच एककं आधी मरताना दिसतात. मंद पेशी त्यांचे तंतू ताब्यात घेतात. पण स्नायुतंतू चपळ की मंद, हे बऱ्याच अंशी त्याला हुकूम देणारी पेशी ठरवते! 1960 मध्ये एक्लिस आणि सहकाऱ्यांनी मांजरांच्या चपळ आणि मंद स्नायूंच्या नसांची अदलाबदल केली, तेव्हा स्नायूंचा वेगही बदलला. म्हणजे वाचवलेला तंतू जिवंत राहतो, आकुंचन पावतो, पण हळूहळू मंद होत जातो. असा माणूस दिवसभर मैदानावर उभा राहील, धावेल, सामना चुकवणार नाही. फक्त चेंडू कुंपणाच्या अलीकडे पडू लागेल. गेरिगच्या 1938 च्या आकड्यांचा हा अर्थ माझं अनुमान आहे, त्याचे स्नायू कुणी तपासलेले नाहीत. पण ज्याला लोक लोखंडी जिद्द म्हणत होते, त्यातला बराचसा वाटा अक्षतंतूंच्या अंकुरांचा असावा असं मला वाटतं.

मग अंकुर थांबतात कशामुळे? बहुतेक रुग्णांच्या चेतापेशींत टीडीपी-43 नावाचं प्रथिन केंद्रकातून बाहेर पडून पेशीद्रवात गोळा होतं, हे 2006 मध्ये कळलं. केंद्रकात त्याचं काम असतं आरएनएच्या, म्हणजे प्रथिनं बनवण्याच्या संदेशांच्या, प्रतींतून नको ते तुकडे बाहेर ठेवण्याचं. ते गायब झालं की स्टॅथमिन-2 या प्रथिनाच्या संदेशात एक भलताच तुकडा घुसतो आणि प्रथिन अर्धवट राहतं. अक्षतंतूची दुरुस्ती आणि वाढ नेमकी याच प्रथिनावर अवलंबून असते. थोडक्यात, शेजाऱ्याला मदत करण्याची क्षमताच आजार हिरावून घेतो, आणि मग घसरण एकदम दिसू लागते.

गेरिगला शेवटच्या काळात जीवनसत्त्व ई देत होते. त्या काळची ती मोठी आशा, पुढच्या चाचण्यांत फोल ठरली. आज तिची जागा 'स्टेम सेल' (मूळ पेशी) पॅकेजने घेतली आहे. लाखो रुपये उकळणारी ही दुकानं आपल्याकडेही आहेत, आणि आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) मार्गदर्शक तत्त्वांत या आजारासाठी अशा उपचाराला मान्यता नाही. तेलमालिशने 'वात' जाईल असं सांगणारे किमान स्वस्त तरी असतात.

एएलएससाठी बादलीभर बर्फाचं पाणी डोक्यावर ओतून घेण्याची 2014 ची लाट तुम्हाला आठवत असेल. तिचा चेहरा होता एएलएस झालेला पीट फ्रेट्स, बॉस्टन कॉलेजचा माजी बेसबॉल कर्णधार. पुन्हा बेसबॉलच! 'हा पोरखेळ' म्हणून नाकं मुरडणारे तेव्हा बरेच होते. पण त्यातून अमेरिकेच्या एएलएस असोसिएशनकडे सुमारे 11.5 कोटी डॉलर जमले आणि त्या पैशावर चाललेल्या संशोधनातून 2016 मध्ये एनईके-1 या जनुकाचा संबंध पुढे आला. 2021 पासून मेजर लीग बेसबॉल दरवर्षी 2 जूनला, गेरिगच्या स्मृतिदिनी, त्याचा दिवस पाळते.

औषधांची यादी अजून तोकडीच आहे. 1995 पासूनचं रिलुझोल आयुष्य काही महिन्यांनी वाढवतं. 2023 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं टोफर्सन फक्त एसओडी-1 जनुकात बिघाड असलेल्यांसाठी, म्हणजे सुमारे 2 टक्के रुग्णांसाठी आहे. पण त्याची एक चाचणी वेगळ्या वाटेने चालली आहे: तो बिघाड असूनही लक्षणं नसलेल्या माणसांचं रक्त वारंवार तपासायचं आणि मरणाऱ्या चेतापेशींतून झिरपणारं न्यूरोफिलामेंट हे प्रथिन वाढू लागलं की तेव्हाच औषध सुरू करायचं, म्हणजे लक्षणं दिसण्याआधीच.