'ऑफ मॉन्स्टर्स अँड मेन' : घराच्या बैठकीतून जगभर

गार्दुर हे आईसलँडच्या नैऋत्य टोकाला असलेलं मच्छीमारांचं छोटं गाव. तिथली नान्ना ब्रिन्दिस हिल्मार्सदोत्तिर 'साँगबर्ड' या नावानं एकटीच गायची. जोडीला आणखी आवाज हवे म्हणून तिनं मित्र गोळा केले आणि त्यातून 'ऑफ मॉन्स्टर्स अँड मेन' हा बँड झाला. त्यात राग्नार थोरहाल्सन आला, गिटारवर ब्रिन्यार लेइफसन आला, ड्रम्सवर आर्नार हिल्मार्सन. (हिल्मार्सदोत्तिर म्हणजे हिल्मारची मुलगी. आपण वडिलांचं नाव मधे लावतो, तिकडे ते शेवटी लावतात; आपल्यासारखं घराण्याचं आडनाव बहुतेकांना नसतंच.)

२०१० साली बँड उभा राहिला आणि त्याच वर्षी त्यानं 'मूसिकतिलरौनिर' जिंकली. नावाचा अर्थ 'संगीताचे प्रयोग'. नवख्या बँडची ही स्पर्धा १९८२पासून चालत आलेली. देशाची वस्ती तेव्हा जेमतेम सव्वातीन लाख, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढी. तिथे जिंकून नाव होतं ते घरच्या घरी. बाहेरचे कान मिळाले ते दुसऱ्या वाटेनं.

ती वाट आधीच्यांनी पाडून ठेवली होती. ऐंशीच्या दशकात 'शुगरक्यूब्ज' हा बँड, मग त्यातूनच निघालेली गायिका ब्यर्क, पुढे 'सिगुर रोस' हा बँड. यांच्यामुळे परदेशी संगीतवाले राजधानी रेक्याविककडे लक्ष ठेवून असायचे. १९९९मध्ये विमानतळावरच्या एका हँगरमध्ये सुरू झालेला 'आईसलँड एअरवेव्ज' महोत्सव हे त्यांचं दरवर्षीचं निमित्त. २०१०च्या महोत्सवाला अमेरिकेतल्या सिॲटलचं केईएक्सपी रेडिओ केंद्र आलं होतं. त्यांनी या पोरांचं 'लिटल टॉक्स' चित्रित केलं, तेही स्टेजवर नाही, घराच्या बैठकीत.

गाणं मजेशीर आहे. ट्रम्पेट, मधेच 'हे!' अशी आरोळी, पाय आपोआप ठेका धरतात. शब्दांकडे लक्ष गेलं की मात्र चपापायला होतं : हा नवरा-बायकोचा संवाद आहे, आणि दोघांतलं एक जण आता या जगात नाही. नान्ना आणि राग्नार आळीपाळीनं गातात ती नुसती गाण्याची सजावट नाही. संवाद आहे म्हणून आवाज दोन.

२०११मध्ये फिलाडेल्फियाच्या एका रेडिओ केंद्रानं ते लावून धरलं. 'माय हेड इज ॲन ॲनिमल' हा पहिला अल्बम सप्टेंबरमध्ये आईसलँडात निघाला, एप्रिल २०१२मध्ये अमेरिकेत, आणि थेट बिलबोर्डच्या (तिथल्या खपाच्या अल्बमांच्या) यादीत सहाव्या क्रमांकावर गेला. कीबोर्डवाला आर्नी त्याच वर्षी बाहेर पडला. पुढे सिनेमे, जाहिराती, मोठमोठे महोत्सव हे सगळं ओघानं आलंच. 'गेम ऑफ थ्रोन्स' या मालिकेच्या सहाव्या पर्वात तर ही मंडळी वादक म्हणून क्षणभर दिसतात.

दुसरा अल्बम, 'बिनीथ द स्किन' (२०१५), त्याच यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोचला. तो जास्त गडद, आतल्या आत बोलणारा, आणि माझ्या मते पहिल्यापेक्षा सरस. 'फीवर ड्रीम'मध्ये (२०१९) त्यांनी इलेक्ट्रॉनिक वळण घेतलं. ते मला काही रुचलं नाही. तीच ट्रम्पेट आयुष्यभर वाजवायची नाही, एवढं मात्र त्यातून कळलं. मग मोठा खंड. २०२३मध्ये नान्नाचा एकटीचा अल्बम आला आणि बँडचा पुढचा पूर्ण अल्बम थेट २०२५च्या ऑक्टोबरात. माणसं मात्र २०१२नंतर होती तीच पाच.