लुटलेल्या थडग्यातला बर्फ

दक्षिण सायबेरियात, अल्ताई पर्वतातल्या पाझिरिक खोऱ्यात दगडांचे मोठाले ढीग आहेत. त्यांना कुर्गान म्हणतात. सुमारे 2,300 वर्षांपूर्वी तिथल्या सिथियन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या घोडेस्वार टोळ्या आपल्या मोठ्या माणसांना असं पुरत. खोल खड्डा खणायचा, लार्चच्या ओंडक्यांची खोली उभारायची, शेजारी घोडे पुरायचे आणि वर दगड रचायचे. पुढे चोरांनी वरून भोक पाडून सोनं नेलं. त्याच भोकातून पाणी आत शिरलं, गोठलं, आणि पुन्हा वितळलंच नाही.

ही करामत दगडांच्या ढिगाची. हिवाळ्यातली थंड, जड हवा दगडांच्या फटींतून खाली उतरते. उन्हाळ्यात तेच दगड ऊन जमिनीपर्यंत पोचू देत नाहीत. त्यामुळे ढिगाखालची माती वर्षभर गोठलेली राहते. सोन्याला बर्फाची गरज नव्हतीच. कापड, कातडं, लाकूड आणि माणसाची त्वचा मात्र केवळ या बर्फामुळे टिकली, आणि मला चोरांनी नेलेल्या सोन्यापेक्षा हा ठेवा कितीतरी मोलाचा वाटतो.

कारण सिथियनांनी स्वतःबद्दल एक ओळही लिहून ठेवलेली नाही. जे काही कळतं त्यातलं बरंचसं ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने इसवीसनापूर्वी पाचव्या शतकात लिहिलेलं. तो सांगतो, की सिथियन लोक काठ्यांवर नमदा टाकून छोटा तंबू करतात, आत तापलेल्या दगडांवर भांगेच्या बिया टाकतात आणि त्या वाफेने खूश होऊन ओरडतात. ऐकायला ही दंतकथाच वाटते. पण पुरातत्त्वज्ञ सर्गेई रुदेन्को यांनी 1947 ते 1949 या काळात पाझिरिकचे कुर्गान खणले, तेव्हा सहा काठ्यांचा सांगाडा मिळाला, दगड भरलेलं तांब्याकाशाचं भांडं मिळालं, आणि त्यात जळक्या भांगेच्या बियाही! हिरोडोटसचे सिथियन काळ्या समुद्राच्या उत्तरेचे आणि हे अल्ताईचे, म्हणजे मधे हजारो किलोमीटर. तरी चाल तीच.

पाचव्या कुर्गानात एक गालिचाही होता, साधारण 183 बाय 200 सेंटिमीटरचा. एका चौरस सेंटिमीटरमध्ये सुमारे 36 गाठी. आपल्या करंगळीच्या नखाएवढी जागा डोळ्यांसमोर आणा आणि त्यात तेवढ्या गाठी मोजून बघा. जगातला सर्वांत जुना शाबूत गाठींचा गालिचा तोच. हल्ली तो सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिताज संग्रहालयात आहे.

मन मात्र अडकतं ते अल्ताईतल्याच उकोक पठारावर पुरलेल्या एका बाईपाशी. 1993 मध्ये पुरातत्त्वज्ञ नतालिया पोलोसमाक यांच्या चमूने तिचं थडगं उघडलं. बर्फ फोडला तर सगळंच तुटेल, म्हणून त्यांनी गरम पाणी ओतून ओतून तो वितळवला. आत सहा घोडे, छोट्या लाकडी ताटावर मांस, सुरी, आणि एका दगडी वाटीत चक्क धणे. बाई वयाने पंचविशीच्या आसपासची. खांद्यावर हरणाचं गोंदण, पण चोच पक्ष्याची आणि मागचं अंग असं पिळलेलं की पाय वर आकाशाकडे गेलेले. पुढे एमआरआय तपासणीत कळलं, की तिला स्तनाचा कर्करोग होता. 2012 मध्ये तिला अल्ताईच्या राजधानीत परत नेलं. तिथले लोक तिला आपली पूर्वज मानतात.

2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी हर्मिताजमधल्या पन्नाशीच्या दुसऱ्या एका पाझिरिक बाईच्या काळवंडलेल्या कातडीचे अवरक्त किरणांत फोटो घेतले. तिच्या उजव्या हातावरचं गोंदण डाव्यापेक्षा जास्त सफाईदार निघालं. कारागीर दोन असतील किंवा एकाच हाताला मधल्या काळात सराव झाला असेल.

पर्शियन लोक या सगळ्या सिथियनांना 'शक' म्हणत, आणि ते नाव आपल्याला परकं नाही. मध्य आशियातून भारतात आलेल्या शकांपैकी क्षत्रप नहपानाचं राज्य आजच्या महाराष्ट्राच्या काही भागावर होतं. नाशिकच्या लेण्यांतल्या लेखात त्याचा जावई उषवदात 'शक' म्हणून येतो. त्याच डोंगरावर दुसऱ्या लेण्यात गौतमी बलश्री आपल्या मुलाला, गौतमीपुत्र सातकर्णीला, शक-यवन-पल्हवांचा संहारक म्हणते. पंचांगातलं 'शके' हेही त्यांचंच नाव.

अल्ताईत अजून न उघडलेले कुर्गान आहेत. तिथलं तापमान वाढतंय आणि ढिगांखालची गोठलेली माती सैल होतेय. संशोधक उपग्रहाच्या चित्रांवरून, गोठलेले कुर्गान कोणते ते शोधत आहेत. बर्फ आधी वितळला, तर आतलं कापड काही वर्षांतच कुजेल.