अल जदीदा

अल जदीदा : मोरोक्कोच्या अटलांटिक किनाऱ्यावरील बंदर आणि दुक्काला या सुपीक प्रदेशातील प्रमुख शहर. कासाब्लांकाच्या नैऋत्येस सुमारे १०० किमी. लोकसंख्या सुमारे १,९५,००० (२०१४). अरबीत ‘अल जदीदा’ म्हणजे ‘नवी’. हे नाव जेमतेम दोनशे वर्षांचे असून त्यामागे एका ओस पडलेल्या शहराची कहाणी आहे.

या जागेचे जुने नाव माझागान. मुंबईच्या माझगावशी असलेले साम्य योगायोगाचे. पोर्तुगीज येण्यापूर्वीच हे नाव येथे रूढ होते. हिंदुस्थानकडे जाणाऱ्या जलमार्गावर ठाणी उभारत निघालेल्या पोर्तुगीजांनी १५१४ मध्ये येथे चार बुरुजांची गढी बांधली. १५४१ मध्ये मोरोक्कोतील सादी घराण्याच्या सुलतानांनी पोर्तुगीजांचे अगादीर हे ठाणे जिंकले. त्यामुळे पोर्तुगीजांनी साफी आणि अझेम्मूर ही आपली ठाणी सोडून दिली व सारे बळ माझागानवर एकवटले. बेनेदेत्तो दा राव्हेन्ना या इटालियन स्थापत्यविशारदाच्या आराखड्यानुसार तोफांना तोंड देऊ शकतील असे जाड, उतरते तट आणि कोनदार बुरूज उभे राहिले. १५६२ चा मोठा वेढा याच तटांनी परतवला.

जुन्या गढीतील कोठाराचे पुढे पाण्याचे टाके केले गेले. ते या शहराचे सर्वांत सुंदर स्थळ म्हणावे लागेल. सुमारे ३४ मीटर लांबी-रुंदीच्या तळघरात २५ खांबांवर कमानींचे छत पेललेले आहे. छताच्या मध्यभागी एकच गोल झरोका असून त्यातून उन्हाचा झोत खाली उतरतो. फरशीवर पाण्याचा पातळ थर असला, की छताच्या साऱ्या कमानी पायाखाली उलट्या उमटतात. वेढ्याच्या दिवसांत गावाची तहान याच पाण्यावर भागत असे.

१७६९ मध्ये सुलतान मोहम्मद बिन अब्दुल्लाने किल्ल्याला वेढा घातला. मराठ्यांनी वसई घेतली त्यानंतरचे हे तिसावे वर्ष. लिस्बनहून किल्ला सोडण्याचा हुकूम आला. जाताना पोर्तुगीजांनी मुख्य प्रवेशद्वाराकडील तटाखाली सुरुंग पेरले. त्यांच्या स्फोटात गव्हर्नरचा बुरूज उडाला. म्हणूनच आज पाचांपैकी चारच बुरूज दिसतात. रहिवाशांना आधी लिस्बनला आणि तेथून ब्राझीलमधील ॲमेझॉनच्या खोऱ्यात नेण्यात आले. तेथे त्यांनी ‘नवे माझागान’ वसवले. तटाआड पिढ्यान्‌पिढ्या काढलेल्या या माणसांना आता जंगलात संसार मांडायचा होता. त्या वसाहतीत आजही सेंट जेम्सच्या उत्सवात मूर (वायव्य आफ्रिकेतील मुस्लिम) व ख्रिस्ती यांच्या लढाईचे सोंग रंगते.

इकडे रिकाम्या किल्ल्याला लोक ‘अल महदूमा’, म्हणजे ‘उद्ध्वस्त’, म्हणू लागले. सुमारे अर्धशतक तो तसाच पडून होता. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्धात सुलतान अब्दुर्रहमानच्या काळात वस्ती पुन्हा उभी राहिली आणि ‘नवी’ हे नाव मिळाले. अझेम्मूरचे ज्यू कुटुंबकबिल्यासह आले, पाठोपाठ युरोपीय व्यापारीही. तटाच्या आत मशीद, चर्च आणि सिनेगॉग शेजारी नांदले. मशिदीचा मिनार जुन्या टेहळणी बुरुजावर घडवलेला असल्याने त्याला पाच बाजू आहेत, हे मोरोक्कोत विरळा. फ्रेंच अमलात (१९१२–५६) माझागान हे नाव परत आले, स्वातंत्र्यानंतर पुन्हा अल जदीदा. २००४ मध्ये युनेस्कोने किल्ल्याचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

शहराच्या अलीकडच्या वाढीमागे मुख्यतः दक्षिणेकडील जोर्फ लासफर हे बंदर आहे. खुरिब्गाच्या खाणींतील फॉस्फेट पूर्वी रेल्वेने येई. २०१४ पासून ते पाण्यात कालवून सुमारे १८७ किमी लांबीच्या नळातून येथवर आणले जाते. येथेच मोरोक्कोची ओसीपी ही कंपनी टाटा केमिकल्स आणि चंबल फर्टिलायझर्स या भारतीय कंपन्यांच्या भागीदारीत फॉस्फोरिक आम्ल तयार करते. आपल्या शेतकऱ्याच्या ओळखीच्या डीएपी खताचा हा मुख्य कच्चा माल.