तापत्या जगातला गारठा

२९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला. त्याआधीचा नीचांक ३.९ अंशांचा, ७ जानेवारी १९३७ चा. म्हणजे ८१ वर्षांचा विक्रम मोडला, तोही जग तापत असताना. त्याच आठवड्यात धुऱ्यावरच्या शेकोटीपाशी शेजारच्या वावरातल्या काकांनी मला विचारलं, "कायचं तापमान वाढून राह्यलं रे भाऊ? हातपाय आखडून गेले!"

प्रश्न रास्त होता. उत्तरासाठी थोडं गणित करू.

समजा, गावात डिसेंबरअखेर रात्रीचं किमान तापमान सरासरी १२ अंश असतं. कधी १०, कधी १४, क्वचित ७. हा चढउतार घंटेच्या आकाराच्या आलेखात बसतो आणि त्याचं प्रमाण विचलन (म्हणजे सरासरीपासूनचा नेहमीचा फरक) अडीच अंश आहे असं धरलं, तर ५ अंश किंवा त्याहून थंड रात्र सुमारे ४०० रात्रींत एकदा येते. आता सरासरी फक्त एक अंश वर सरकवा. तीच रात्र सुमारे १,४५० रात्रींत एकदा येईल! १२ अंशांखालची साधी थंडी मात्र निम्म्या रात्रींवरून एक तृतीयांश रात्रींवर येते. थंडी जितकी कडाक्याची, तितकी तिची शक्यता जास्त कापली जाते. पण ती शून्य होत नाही, आणि काकांच्या प्रश्नाचं उत्तर इथंच आहे. १९५० पासून बहुतेक भूभागांवर थंडीच्या लाटा कमी आणि सौम्य झाल्या, असं आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीचा २०२१ चा अहवालही सांगतो.

मग एखादी रात्र इतकी गार का होते? आभाळ निरभ्र, वारा पडलेला, उत्तरेकडून आलेली हवा कोरडी. जमिनीची उष्णता अडवायला ना ढग, ना बाष्प. ती सरळ आभाळात निघून जाते. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढल्याने उष्णता अडवणारं हे पांघरूण थोडं जाड झालं आहे, पण अशा रात्री ते पुरत नाही.

वावरात तर गारठा आणखी जास्त. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरभर वर, लाकडी पेटीत असतो. उघड्यावरचं पान त्याहून कित्येक अंशांनी थंड होतं. पेटीत चार अंश असले, तरी तुरीच्या शेंड्यावर दंव गोठू शकतं. थंड हवा जड असल्याने उतारावरून वाहत खोलगट भागात साचते.

तूर ऐन फुलाशेंगांत असते तेव्हाच हे घडतं. संध्याकाळी हलकं ओलीत केलं, तर ओली माती साठवलेली उष्णता रात्रभर सोडत राहते आणि पीक बरंच वाचतं. काकांकडे विजेची लाइन आली पहाटे. त्यांनी पाणी सोडलं तोवर नाल्याकाठच्या तुरीची फुलं काळी पडली होती. वरच्या बरडावरची मात्र तशीच पिवळीधमक होती.