बीट आणि कन्फेशनल: दोन्ही नावं चौकीतली, कविता मात्र वेगवेगळ्या

बीट आणि कन्फेशनल हे १९५० च्या दशकातल्या अमेरिकन कवितेचे दोन प्रवाह, पण मराठी कानाला ही दोन्ही नावं पोलीस चौकीतलीच वाटतात. बीट म्हटलं की बीट चौकी, आणि कन्फेशनल पोएट्रीचं कुणी 'कबुलीजबाबाची कविता' असं मराठी केलं की समोर हवालदार बसलाय आणि कवी खाली मान घालून सही करतोय असंच डोळ्यापुढे येतं. एमएला अमेरिकन पोएट्रीचा पेपर होता तेव्हा मी हे दोघं वर्षभर एकमेकांत कालवले आणि परीक्षेत गिन्सबर्ग या बीट कवीला बिनधास्त कन्फेशनल ठरवून आले, वर कारणही दिलं की तो स्वतःबद्दल लिहितो, आईबद्दल लिहितो, वेडाबद्दल लिहितो, अजून काय पाहिजे. मार्क कापले गेले. आता वाटतं कापले ते बरोबरच होतं, पण माझं कारण अगदीच टाकाऊ नव्हतं, त्याच्याकडे शेवटी येते.

आधी घोळ का होतो ते. एक तर काळ एकच. अ‍ॅलन गिन्सबर्गनं 'हाउल' पहिल्यांदा वाचली ७ ऑक्टोबर १९५५ ला, सॅन फ्रान्सिस्कोत, सिक्स गॅलरी नावाच्या जागेत, जी आधी गाड्यांचं गॅरेज होती. पुस्तक आलं १९५६ ला. कन्फेशनलवाल्यांपैकी रॉबर्ट लोवेलचं 'लाइफ स्टडीज' हे पुस्तक १९५९ चं, म्हणजे मध्ये जेमतेम तीन वर्षं. आणि दोघांचा राग पण एकाच गोष्टीवर. टी. एस. एलियटनं १९१९ मध्येच सांगून ठेवलं होतं की कविता म्हणजे स्वतःला व्यक्त करणं नव्हे, स्वतःपासून सुटका करून घेणं, आणि नंतर न्यू क्रिटिसिझमवाल्यांनी कॉलेजाकॉलेजातून हेच शिकवलं, कवीचं आयुष्य बाजूला ठेवा, कागदावरचे शब्द बघा. मग पन्नाशीच्या दशकात हे दोन्ही गट आले आणि म्हणाले, मी आहे, हा बघा मी, माझं डोकं ठिकाणावर नाही, माझं घर असं असं आहे. तर 'मी' दोघांकडे आहे. म्हणून 'स्वतःबद्दल लिहितात' ही खूण फरक ओळखायला काही कामाची नाही, आणि बऱ्याचशा गाइडमध्ये नेमकी तीच दिलेली असते.

माझ्या मते खरा फरक आहे तो हा 'मी' तोंड कुणाकडे करून बोलतो यात. बीट कवी गर्दीकडे तोंड करून उभा असतो. कन्फेशनल कवी बंद खोलीत बोलतो आणि आपण दाराला कान लावून ऐकत असतो.

हे नुसतं बोलून पटत नाही, दोन कविता शेजारी शेजारी ठेवल्या की पटतं, आणि नशीब असं की दोघांनी एकाच विषयावर लिहिलंय, मनोरुग्णालयावर. गिन्सबर्गची 'हाउल', तिचा तिसरा भाग. कविता कार्ल सॉलोमनला अर्पण केलेली आहे, हे दोघं १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका मनोरुग्णालयात भेटले होते. या भागात प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एकच पालुपद येतं (रॉकलंड हे मनोरुग्णालयाचं नाव), मी रॉकलंडमध्ये तुझ्याबरोबर आहे, मी रॉकलंडमध्ये तुझ्याबरोबर आहे, आणि दर वेळी त्याच्यापुढे ओळ लांबत लांबत जाते, आरतीला जसा चढत जाणारा आवाज असतो तसं. मोठ्यानं वाचलं तर दम लागतो, आणि लागावा अशीच सोय केलीय, कारण गिन्सबर्गच्या हिशेबात एक ओळ म्हणजे एक श्वास. त्याच्या आधीच्या भागात मोलॉक आहे, बळी मागणारा जुना देव, सॅन फ्रान्सिस्कोतल्या सर फ्रान्सिस ड्रेक हॉटेलची इमारत रात्री नशेत त्याला त्या राक्षसाच्या तोंडासारखी दिसली म्हणे, तर आजारी कोण आहे ते तिथेच ठरतं. आजारी शहर आहे, पैसा आहे, सैन्य आहे, कारखाने आहेत. सॉलोमन आत आहे कारण बाहेरचं जग वेडं आहे.

आता लोवेलची 'वेकिंग इन द ब्लू'. हे मॅक्लीन हॉस्पिटल, बॉस्टनजवळचं, चांगल्या घरातल्या लोकांचं. सकाळ होतेय, रात्रपाळीचा मुलगा बॉस्टन युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला आहे, तो जाड पुस्तकावर डुलक्या घेऊन उठतो. वॉर्डात स्टॅनली आहे, एकेकाळचा हार्वर्डचा फुटबॉलपटू, साठी उलटली तरी अंग कमावलेलं ठेवून टबात बसलाय. कवी स्वतः भरपेट नाश्ता करून आरशासमोर फिरतो, वजन दोनशे पौंड. शेवटी कळतं की इथे दाढीचं ब्लेडसुद्धा कुलूपबंद आहे. कुठेही आरोळी नाही, शाप नाही. विनोद आहे, पण असा की हसून झाल्यावर पोटात गोळा येतो. आजारी कोण, तर मी, आणि माझ्याबरोबर माझं घराणं, माझा वर्ग. लोवेल बॉस्टनच्या जुन्या बड्या घराण्यातला, त्याच्या नातलगांत आधीच दोन नामांकित कवी, जेम्स रसेल लोवेल आणि एमी लोवेल, त्यामुळे त्याच्या कवितेत घराणं कोसळतं तेव्हा फर्निचरसकट कोसळतं.

बघा, विषय तोच, मनोरुग्णालय. एक म्हणतो मी तुझ्याबरोबर आहे, दुसऱ्याच्या कवितेत सगळे एकाच वॉर्डात असून प्रत्येक जण एकटा आहे.

पैसा आणि दरवाजे यांचा पण फरक आहे. 'हाउल' काढली सिटी लाइट्सनं, लॉरेन्स फर्लिंगेटीचं दुकान आणि प्रकाशन, खिशात मावेल एवढं पुस्तक, किंमत ७५ सेंट. छपाई इंग्लंडात झाली म्हणून मार्च १९५७ मध्ये कस्टम्सनं ५२० प्रती अडवल्या, मग फर्लिंगेटीवर अश्लीलतेचा खटला झाला आणि ३ ऑक्टोबर १९५७ ला न्यायाधीश क्लेटन हॉर्न यांनी तो सोडून दिला, हे गृहस्थ रविवारी बायबलचे वर्ग घेणारे, त्यामुळे सगळ्यांना वाटलं होतं पुस्तक गेलं आता. उलट खप वाढला. (चौकीशी खरा संबंध बीटवाल्यांचाच आला म्हणायचं.) कन्फेशनलवाल्यांना मात्र बक्षिसं मिळाली. 'लाइफ स्टडीज'ला नॅशनल बुक अवॉर्ड, स्नॉडग्रासच्या 'हार्ट्स नीडल'ला पुलित्झर, पुढे बेरीमन आणि अ‍ॅन सेक्स्टनला पण पुलित्झर. शिकले कुठे तर वर्गात. लोवेल स्वतः तरुणपणी अ‍ॅलन टेट या न्यू क्रिटिकच्या घरासमोरच्या हिरवळीवर तंबू ठोकून राहिला होता, असा शिष्य. आणि १९५९ मध्ये त्याच्या बॉस्टन युनिव्हर्सिटीच्या वर्गात सिल्विया प्लाथ आणि अ‍ॅन सेक्स्टन दोघी बसायच्या आणि क्लास सुटला की सेक्स्टनच्या गाडीतून रिट्झ हॉटेलात मार्टिनी प्यायला जायच्या.

नावाचं पण सांगून टाकते. 'बीट' हे त्यांनी स्वतः घेतलेलं, त्यांच्यातल्या कादंबरीकार केरुअ‍ॅकनं थकलेले-पिचलेले या अर्थानं आणि मग त्यात पवित्रपणाचा अर्थ घालून फिरवलेलं. 'कन्फेशनल' समीक्षकानं चिकटवलेलं, एम. एल. रोझेन्थलनं १९५९ मध्ये 'द नेशन'मध्ये 'लाइफ स्टडीज'चं परीक्षण लिहिलं तेव्हा. ज्यांना चिकटवलं त्यांना ते आवडलं नाही, बेरीमनला एका मुलाखतीत विचारलं की या लेबलवर तुमची प्रतिक्रिया काय, तर म्हणाला संताप आणि तिरस्कार, पुढचा प्रश्न विचारा. म्हणून गट म्हणाल तर बीट हा खरा गट, एकत्र राहणारे, प्रवास करणारे, एकमेकांची नावं कवितेत घालणारे. कन्फेशनल हे कपाटातल्या कप्प्याचं नाव.

आपल्याकडे पण बीटच जास्त माहीत, त्याचं एक कारण साधं आहे, गिन्सबर्ग स्वतः येऊन गेला. फेब्रुवारी १९६२ मध्ये तो मुंबईला उतरला, अशोक शहाणेंशी त्याची ओळख झाली, आणि लिटल मॅगझिनवाल्यांच्या गप्पांत हे नाव कायमचं राहिलं. प्लाथ आपल्याकडे आली ती सिलॅबसमधून.

आता दोन गैरसमज, हे मी स्वतः वापरलेले आहेत म्हणून जरा जास्त बोलते.

पहिला, कन्फेशनल म्हणजे सगळं खरं. नाही हो. प्लाथची 'डॅडी' घ्या. वडील वारले तेव्हा प्लाथ आठ वर्षांची होती, कवितेतली मुलगी म्हणते मी दहा वर्षांची होते. ओटो प्लाथ हे मधमाश्यांवर संशोधन करणारे प्राध्यापक, नाझी वगैरे काही नव्हते, कवितेत बाप नाझी आहे. बीबीसीसाठी वाचताना तिनंच ओळख करून दिली की ही कविता इलेक्ट्रा कॉम्प्लेक्स (बापात गुंतून पडलेलं मन) असलेली एक मुलगी बोलतेय. म्हणजे पात्र आहे ते. आणि याहून भारी गंमत लोवेलच्या 'स्कंक अवर'मध्ये. त्यात कवी रात्री टेकडीवर गाडी नेऊन, तिथे उभ्या असलेल्या गाड्यांमधली जोडपी बघत फिरतो आणि माझं मन ठिकाणावर नाही म्हणतो, कन्फेशनल कवितेचा नमुना म्हणून हाच तुकडा सगळीकडे दाखवतात. लोवेलनं नंतर सांगितलं की हे चोरून बघणं माझं नाहीच, एकोणिसाव्या शतकातल्या वॉल्ट व्हिटमन या कवीच्या म्हातारपणाबद्दलच्या एका किश्श्यातून घेतलंय. व्हिटमन म्हणजे बीटवाल्यांचा आजा! सगळ्यात प्रसिद्ध कबुलीजबाब आणि तो दुसऱ्याच्या नावावरचा.

खरं तर बीटवाले पण तसेच. सॉलोमन रॉकलंडमध्ये कधी नव्हताच, त्यानं स्वतः सांगितलंय. रॉकलंड हा शब्द तोंडात चांगला घोळतो, झालं.

दुसरा गैरसमज, बीट म्हणजे एका बैठकीत, एकही खोडाखोड न करता. गिन्सबर्गला स्वतःला ही दंतकथा आवडायची पण 'हाउल'चे खर्डे १९८६ मध्ये छापले गेले आणि त्यात खोडाखोडच खोडाखोड. पहिल्याच ओळीत आधी 'मिस्टिकल' होतं, ते काढून त्यानं 'हिस्टेरिकल' केलं. एका शब्दात साधू गेला आणि वेडा आला, आणि कवितेचा सूर लागला. हे काम घाईत होत नाही.

आता लोवेलनंच केलेली वाटणी. नॅशनल बुक अवॉर्ड घेताना १९६० मध्ये तो म्हणाला की अमेरिकेत सध्या दोन कविता स्पर्धेत आहेत, एक शिजवलेली, एक कच्ची, शिजवलेली वर्गात पचवायला, कच्ची म्हणजे रक्त गळणारे अनुभवाचे तुकडे मध्यरात्रीच्या श्रोत्यांना वाढलेले. सगळे हे वाचून म्हणतात कच्चं म्हणजे बीट आणि शिजवलेलं म्हणजे लोवेल. पण त्याच्या डोक्यात हे का आलं बघा. मार्च १९५७ मध्ये तो वेस्ट कोस्टला कविता वाचत फिरत होता, तिथे बीटची हवा होती, आणि स्वतःच्याच जुन्या कविता वाचताना त्याला त्या चिलखत घालून चिखलात रुतलेल्या प्राण्यांसारख्या वाटायला लागल्या. स्टेजवरच तो शब्द वाढवायला, लॅटिन तुकड्यांचं इंग्रजी करायला लागला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'स्कंक अवर' सुरू झाली. म्हणजे कन्फेशनलचा जो मूळपुरुष त्याच्या कवितेची शिवण बीटवाल्यांच्या हवेनं सैल झालेली आहे. अर्थात एवढंच कारण नाही, त्याचाच विद्यार्थी स्नॉडग्रास, घटस्फोटात मुलगी दुरावल्याच्या त्याच्या कविता लोवेल वाचत होता, ते श्रेयही त्यानं दिलंय. पण परीक्षेत 'दोन विरुद्ध प्रवाह' म्हणून लिहायचं असेल तर हे लक्षात ठेवून लिहा.

आणि आता माझे कापलेले मार्क. मी उदाहरण दिलं होतं 'कॅडिश'चं, १९६१ चं पुस्तक, गिन्सबर्गची आई नेओमी हिच्यावरची कविता. तिचं वेड, तिचे संशय, मुलगा बारा वर्षांचा असताना तिला बसनं घेऊन जातो, तिचं शरीर, तिची लाज, सगळं. लोवेल इतकं उघडं कधी लिहीत नाही. मग ही कन्फेशनल का नाही? मजकूर बघितला तर आहे, नाही कशी. पण रूप बघा. कॅडिश ही ज्यू लोकांची मृतांसाठीची प्रार्थना, आणि ती एकट्यानं म्हणता येत नाही, परंपरेनं निदान दहा पुरुष जमावे लागतात. १९५६ मध्ये नेओमीला पुरलं तेव्हा तेवढे पुरुष जमलेच नाहीत, प्रार्थना राहून गेली, आणि मुलगा होता तिकडे कॅलिफोर्नियात. तीच राहिलेली प्रार्थना त्यानं नंतर न्यूयॉर्कमध्ये बसून लिहिली आणि भरल्या हॉलमध्ये उभा राहून मोठ्यानं वाचली.